राखणदार पेशी आणि आमची टायपिस्ट

पॅथॉलॉजीत जन्म काढला की किस्से बरण्यांसारखे साठतात. कुणी मागत नाही आणि फेकवतही नाहीत. मी तिथं टेक्निशियन होतो. हे किस्से सत्तरच्या दशकातले, सगळे आमच्या टायपिस्टचे, शालिनीचे. ऐका, आणि शिव्या घालायच्या तर मलाही घाला.

*

एकदा शालिनीचा डावा डोळा गेला. तीन आठवड्यांनी परत आला! मग पाय लुळे पडले, तेही सुधारले. आमच्या विभागप्रमुख सरांना मल्टिपल स्क्लेरोसिसची शंका आली. यात मज्जातंतूंवरचं वेष्टण झडतं म्हणाले. फिजिशियन हसले. "तो गोऱ्यांचा आजार. सोलापुरात कुठला?" रिपोर्टात हिस्टेरिया लिहिलं. तो टाइप कुणी केला? शालिनीनंच, कार्बन लावून, तीन प्रतींत.

*

उन्हाळ्यात तिचं जास्त व्हायचं. हेडक्लार्क म्हणाले, हिला बरोबर मे महिन्यातच आजार सुचतो. रजा नामंजूर! सरांनी पुस्तक दाखवलं, उष्णतेनं हा आजार उफाळतो, विलायतेत रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून हीच परीक्षा करतात म्हणून. हेडक्लार्क म्हणाले, सोलापूरचा मे असताना टब कशाला हवा? सगळे हसले. मीही हसलो. आज लाज वाटते.

*

सर मेडिकलच्या पोरांना शिकवत होते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, मेलेलं खाऊन जागा साफ ठेवतात. शालिनी सहीचे कागद घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "सर, कुंपणानंच शेत खाल्लं तर?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. एका पोरानं विचारलं, हे परीक्षेला आहे का?

*

शेवटी ती बार्शीला आईकडे अंथरुणाला खिळली आणि आमच्याच वॉर्डात न्यूमोनियानं गेली. मेल्यावर तरी माझा मेंदू बघा, असं तिनं सरांकडून वचन घेतलं होतं. पेशी दिसाव्यात म्हणून मेंदूच्या कापांना द्यायचा चांदीचा रंग माझ्या हातून दोनदा फसला, तिसऱ्यांदा बसला. वेष्टण जागोजागी झडून डाग पडलेले, आणि डागांच्या काठाला त्याच राखणदार पेशी, पोटात चरबी भरलेल्या. खरं होतं पोरीचं.

दाखला न्यायला तिची आई बार्शीहून आली. सरांनी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवून सगळं दाखवलं, समजावलं. म्हातारी बराच वेळ डोळा लावून बसली.

"म्हंजी पोरगी सोंग करत न्हवती व्हय?"

"नव्हती, मावशी."

"उठत न्हाय म्हणून म्या लाटण्यानं मारलं हुतं की वं तिला."