पार्किंगपासून दिवाणखान्यापर्यंत

सहलीच्या बसवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस, पण त्याचं बघणं म्हणाल तर पार्किंगपुरतंच. प्रवासी त्या जुन्या बागबंगल्यात शिरले, की हा पुढची काच पुसायचा, टायरला लाथ मारून हवा जोखायचा आणि स्टिअरिंगवर मान टाकायचा. गाडी सोडून हलायचं नाही, हा मालकाचा दंडकच.

पण घरी नातीला काय सांगणार? काच पुसली? मग तो बंगला सांगायचा. चांदीचा जिना, पंगतीला बसणारे पोपट, वारा साठवून ठेवायची खोली! नात, घरात तिला भिंगरीच म्हणत, डोळे विस्फारून ऐकायची आणि शाळेत शपथेवर सांगायची.

आणि आज लेकीनं परस्पर घरातल्या सगळ्यांची तिकिटंच काढली.

"बाबा, तुम्हीच दाखवा सगळं. तुमच्या तर पायाखालचा बंगला."

"म्हणजे काय!" तो म्हणाला खरा, पण आज नातीसमोरच नाक कापलं जाणार होतं.

आता मागे हटायचं कसं? तो झपाझप पुढे निघाला. कातरलेल्या झुडपांच्या भिंतींमधून, कारंज्याला वळसा घालून, त्यानं ऐटीत एक हिरवं दार ढकललं. आत फावडी, झाऱ्या आणि उलट्या बादलीवर बसून डबा खाणारा माळी.

"हा दिवाणखाना वाटतं?" बायकोनं विचारलं.

"मागचा रस्ता आहे हा."

"फारच मागचा," माळी घास गिळत म्हणाला. मग त्यानं निरखून पाहिलं. "अरे, ड्रायव्हरकाका! आज गाडी सोडून? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत पाऊल टाकलंत की! बंगल्याचं दार तिकडं, समोर."

झालं. लेकीनं ओठ चावला. भिंगरीनं मान वर केली.

"आजोबा, तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

"नाही गं."

"मग पोपट?"

"पोपट... नसावेत."

"मला तर पहिल्या भेटीत सांगितलं होतं, विमान चालवतो म्हणून," आजी म्हणाली.

"तरी लग्न केलंस?"

"बस तरी होती ना!"

कुणी हसेना. सगळ्यांचं लक्ष भिंगरीकडे. तिचा खालचा ओठ थरथरला, पुढे आला... आणि तिनं एकदम आजोबांचं बोट धरून ओढलं.

"मग चला ना लवकर! तुम्ही तर काहीच बघितलं नाही!"

आत छतावर ढग रंगवले होते. तो मान मोडेपर्यंत बघत राहिला. "आईशप्पथ!" जिना साधा लाकडाचाच, पण कठड्यावरून हात फिरवावा तर लोण्यासारखा मऊ. "आईशप्पथ!" भिंगरी पुढे, हा मागे. ती पाट्या वाचून दाखवायची, हा मान डोलवायचा.

वरच्या न्हाणीघरात सिंहाच्या पंजांवर उभा असलेला भलामोठा टब दिसला.

"याला पाय कशाला गं?"

भिंगरीनं टबाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग हळूच म्हणाली, "हा रात्री बागेत फिरायला जायचा."

"आणि आंघोळ करणारा?"

"आतच! साबणासकट!"

तो असा खदखदून हसला, की रखवालदारानं वळून पाहिलं.

"आई, हीसुद्धा?" लेकीनं कपाळावर हात मारला.

"गाडी नाही, निदान थापा तरी वारशात मिळाल्या," आजी म्हणाली.

त्याचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तो भिंगरीसमोर उकिडवा बसला होता.

"बरं, मग? थंडी नाही वाजली त्याला?"