कुलपापुढचा सडा

मारेगावहून सकाळच्या एसटीने मी आणि माझी नात प्रणाली निघालो. पाऊसपाणी बिघडल्यावर गावातली माणसं कुठे आणि का जातात, याचा ती कॉलेजात अभ्यास करते. तिने निवडलेलं गाव माझं माहेर, म्हणून मला सोबत घेतलं. अनोळखी पोरीला कोण खरं सांगतं?

मुकुटबनला उतरून ऑटो केला. वाटेत कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळलेली, नाल्यात नुसते गोटे. गावात शिरलो तर दारोदार ताजा सडा. प्रणालीने ऑटोतूनच मोजून लिहिलं : चौदा घरं, चौदाही राहती. मीही मान हलवली. आमच्याकडे फक्त मयताच्या घरापुढे सडा नसतो.

पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तेराव्यालाही कुलूपच. चौदाव्या घरातून माझी विधवा वहिनी बादली घेऊन बाहेर आली.

"कोठी गेले वो सारे?"

"कोणी चंद्रपूरले, कोणी हैद्राबादले. पाणी पडते तं एकाच दिवशी, माती घेऊन जाते. मंग महिनाभर पत्ता नाही. दिवाळी झाली का विहीर आटली. काय खाऊन राहतीन?"

"मंग हा सडा?"

"मीच टाकतो. नाही टाकला तं मेल्यावानी दिसते, बाई. मेले नाही ते, गेले."

प्रणालीने चौदा खोडून एक लिहिलं.

जेवणात भाकर, वांगी, ठेचा. पाणी मागितलं तर वहिनीने अर्धा पेला दिला. हापशी (हातपंप) दिवसाला दोन गुंड (घागरी) देते. त्यातला एक सड्यात जातो! मी पेला खाली ठेवला.

"डोकं फिरलं काय तुमचं? तहानेनं मरसान."

"मेली तं माह्या दारात सडा नका टाकू. तेवढंच पाणी वाचते," म्हणून ती हसली.

"चला माह्यासंग मारेगावले."

"आन मंग हे दारं?"

माझं काही चाललं नाही. दुपारच्या गाडीने आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सडा टाकायला नळाखाली बादली लावली. ती भरून वाहायला लागली तशी मी नळ बंद केला आणि वहिनीला फोन लावला.

"झाला काय सडा?"

"आज एकच गुंड निघाला. जराकसं प्यायले ठेवलं. तेरा दारं झाले."

"आन तुमचं?"

"राह्यलं."

प्रणालीच्या कागदावर राहतं म्हणून तेच एक घर होतं. मी बादली तशीच ठेवली आणि मुकुटबनच्या एसटीला जाऊन उभी राहिले.