सरपंचांच्या हातची भवानी

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर आजची बातमी मीच लिहिते.

आठवतं, लहानपणी तारापूरच्या बाजारात आपण काशीच्या आईच्या टोपलीभोवती बसायचो? पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत कोलंबीला हात लावू द्यायची नाही. "भवानी होऊ दे गो, पोरींनो!"

काशी आता स्वतः दांडीच्या किनाऱ्यावरून मासळी आणते. बाजारात नवे ओटे व्हावेत म्हणून मी पंचायतीत किती भांडले, तुम्ही पाहिलंत. ओटे झाले, तर सरपंचांना पुढचे मेव्हण्याच्या कापडदुकानासाठी हवे. "कोळणींना गटाराकडे बसवा, वास येतो," असं भर सभेत हसत म्हणाले.

मग मी पंचायतीतला एकेक सभासद आपल्या बाजूला वळवला आणि काल ओटेवाटपाचं काम माझ्याकडे आणलं.

आज उद्घाटनाला सरपंच गळ्यात हार घालून काशीसमोर उभे राहिले. "पहिलं पापलेट मला दे."

काशीने टोपली फडक्याने झाकली. "तुमच्या हातची भवानी नको, सायेब. वास लागंल तुमाला."

शेजारणीनेही टोपली झाकली, मग तिच्या शेजारणीने. सरपंच रिकामी पिशवी घेऊन घरी गेले. भवानी मी केली.

शाळेत नन्सनी क्षमा शिकवली होती. आज ती मला आठवली नाही. तुम्हाला आठवली असती?

आता वाटप. पुढचे सगळे ओटे दांडीच्या बायकांना, कोपऱ्यावरचा काशीला. गटाराशेजारचा मेव्हण्याला. आणि माझं भवानीचं पापलेट सरपंचीणबाईंना पोचवा. त्यांचं काही चुकलं नाही. फक्त सरपंच घरी असतानाच तळा म्हणावं.