बाबांनी निवडलेला घोडा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घोड्याची चॅसिस चिरली. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं वाहन. धंद्यात सगळे त्याला घोडाच म्हणतात. आमचा ट्रेलर बुटका आणि लांब, पोकलेन मशिनं एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेणारा. टिटवाळ्याकडे रोज नव्या इमारतींचे पाये खोदले जात होते आणि आमचा ट्रेलर घोड्याविना उभा होता. नवा घोडा घेणं शक्यच नव्हतं, म्हणून जुना बघायचं ठरलं.

बाबांनी तीस वर्षं ट्रेलर स्वतः चालवला. आता त्यांची उजवी बाजू गेलेली आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलेलं. कॉलेज संपल्यापासून धंद्याचे फोन मी घ्यायचे, कागदपत्रं मी बघायचे. पण घोडा निवडणं हे कायम त्यांचं काम. आई म्हणाली, "त्यांनाही ने गं. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात." मी ठाकुर्लीहून रिक्षा केली. आमचे जुने ड्रायव्हरमामा सोबत आले.

शहाडच्या यार्डात आमच्या कामाचे दोनच घोडे होते. एक दहा टायरी, थोराड, रंग उडालेला. दुसरा सहा टायरी, त्यामानाने नवा. बाबांना खुर्ची दिली आणि मी पुठ्ठा टाकून दहा टायरीखाली शिरले. ट्रेलर ज्या गोल पाटावर टेकतो त्याचा जबडा ढिला आहे का, त्याच्या आजूबाजूला चॅसिसवर ताजं वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसतो का, हे आधी बघायचं. मग इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडायचं आणि धूर किती येतो ते बघायचं. हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं. दहा टायरी जुना होता, पण आतून धड होता.

मी हात पुसत बाहेर आले तर बाबा काठीने सहा टायरीकडे दाखवत होते.

"ही," ते म्हणाले. "ही घे."

"बाबा, हा सहा टायरी आहे. पोकलेन घेऊन माळशेज चढायचाय आपल्याला. मागची चाकं जागेवर फिरतील."

"ही."

काय ओढायचं आणि कुठल्या घाटातून, हे विचारल्याशिवाय बाबा कधी गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला वाटलं, बोलण्याबरोबर त्यांचं ते ज्ञानही गेलं.

यार्डवाला लगेच पुढे आला. "काका बोलतात तर घ्या ना मॅडम. गाडी एकदम मख्खन आहे."

बाबा उठले. सहा टायरीच्या दारापाशी जाऊन त्यांनी काठी माझ्या हातात दिली, डाव्या हाताने दांडा धरला आणि डावा पाय पायरीवर ठेवला. पायरी खाली होती, दहा टायरीपेक्षा बरीच खाली. अंग थोडं वर उचललं गेलं, पण उजवा पाय जमिनीवरून सुटेना. मामा धरायला गेले तर बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागीच थांबले.

"क्लच... हलका," बाबा धापा टाकत म्हणाले. मग हनुवटीने आपल्या डाव्या हाताकडे खूण केली. "गियर... डावा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते काहीच विसरले नव्हते. ते स्वतःला चालवता येईल अशी गाडी निवडत होते. ब्रेकला उजवा पाय लागतो हे मी बोलले नाही. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं.

मी यार्डवाल्याला म्हटलं, "दहा टायरीचे कागद काढा."

बाबांनी पाय खाली घेतला आणि काठीसाठी हात पुढे केला. परतताना रिक्षात मी म्हणाले, "तुम्ही बरे झालात ना, की मग..." त्यांनी डावा हात जरासा वर केला.

घोडा आला त्या दिवशी आईने नारळ फोडला. बाबा खाली आले नाहीत. पहिल्याच खेपेला मशीन घेऊन तो माळशेज विनातक्रार चढला. मी घरी येऊन सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. झटक्यानंतरही रोज, आज काय न्यायचंय हे "लोड?" एवढ्या एका शब्दात विचारायचे, तेही नंतर बंद झालं. दिवाळीनंतर ते गेले.

तेराव्याला पंगत उठल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "ताई, घोडा तू बरोबर घेतलास. पण त्या दिवशी यार्डात आपण दोघांनी मिळून त्यांना जरा वर बसवायला हवं होतं गं. स्टेअरिंगवर. पाच मिनिटं."

"सुचलंच नाही, मामा."

"मलापण नाही सुचलं," ते म्हणाले.