दारातली काळी द्राक्षं

आमच्या काळेवाडीच्या घरासमोर लोखंडी पाइपांच्या मांडवावर द्राक्षाची वेल होती. रेड वाईनसाठी तयार केलेली संकरित जात. पप्पा रिटायर झाले तेव्हा कंपनीतल्या नारायणगावच्या मित्राने त्यांना कलम भेट दिलं होतं. मणी लहान, काळे, बियांचे, आणि रस इतका लाल की गल्लीतल्या आया मुलांच्या शर्टावरचे डाग घासून दमायच्या. पप्पा एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी करायचे, घड लागले की मणी विरळ करायचे आणि रसाचं सरबत करून गल्लीभर वाटायचे. फुकट. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते आठवून आजही माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी घड नुकतेच काळे पडायला लागले होते. रविवारी विहारात वंदना झाली, पंचशील म्हणून झालं आणि समितीतले एक काका सगळ्यांसमोर पप्पांना म्हणाले, “दारू घेणार नाही म्हणून इथं शील घ्यायचं आन् घरी दारात दारूची द्राक्षं टांगायची. हे काय बरं दिसत नाही, भाऊ.”

कोण बोललं हे? ज्यांच्या मुलाला पप्पांनी कितीदा तरी गुत्त्यातून उचलून घरी आणलं होतं, ते. त्याची दारू सुटली तीही पप्पांनी पिच्छा पुरवला, गुत्तेवाल्याला भर रस्त्यात जाब विचारला, म्हणून. पप्पांनी स्वतः आयुष्यात थेंब चाखला नाही. विहारात बसलेल्या निम्म्या लोकांनी आमच्याकडे सरबत प्यायलं होतं, पण सगळे सतरंजीकडे बघत बसले. मी बोलायला उठले, तर पप्पांनी हात धरून खाली बसवलं.

घरी येताच त्यांनी करवत काढली.

“पप्पा, दारू गुळाचीही होते. उद्यापासून पुरणपोळी बंद करायची का?”

“लोकांना बोलायला जागा कशाला ठेवायची?” एवढंच म्हणाले आणि जमिनीपासून चार बोटांवर वेल कापली. घडांसकट. आईने घड बादलीत भरले आणि कुणाला न दाखवता मागच्या मोरीत नेऊन ठेवले. चोरीचा माल असावा तसे. मी त्या दिवशी जेवले नाही. काकांवर चिडले होते, गल्लीवर चिडले होते, आणि सगळ्यात जास्त पप्पांवर.

काही महिन्यांनी मी वाकडच्या माझ्या घरून पप्पा-आईला भेटायला आले तर बुंध्याला कोंब फुटलेले. मी ओरडलेच, “पप्पा, आली की परत!”

“ती नाही,” पप्पा म्हणाले. “कलम वर बांधलेलं असतं, ते गेलं. हा खालचा जंगली खुंट. याला नुसती पानं येतात.”

खुंट माजला. आता मांडवभर पानं आहेत, द्राक्ष एकही नाही. गेल्या रविवारी तेच काका त्या सावलीत खुर्ची ओढून बसले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि वर बघत म्हणाले, “आता कसं छान दिसतंय, भाऊ.”

मी पप्पांकडे बघत होते. ज्या माणसाने गुत्तेवाल्याला भर रस्त्यात जाब विचारला होता, तो माणूस कप उचलता उचलता म्हणाला, “हो.”

काकांना मी कधीतरी माफ करीन. त्या ‘हो’ला करणार नाही.