तटस्थ मैदान

गवतोबांना गवतोबा हे नाव त्यांच्या बायकोने दिलं, आणि ते लाडाने नव्हे, रागाने दिलं. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. ती पानं वाढून बसली होती आणि हे गृहस्थ फुटबॉलच्या मैदानात पालथे पडून गवताची उंची बघत होते. "सवत आणली असतीत तर निदान भांड्यांना हातभार लागला असता," ती म्हणाली. "हे गवत कसलं आणून बसवलंत माझ्या उरावर, गवतोबा?" हे शेजारणीने ऐकलं, आणि शेजारणीने ऐकलेलं नाव शाळेच्या दाखल्यापेक्षा पक्कं असतं. त्याला चौतीस वर्षं झाली. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

क्लबच्या मैदानाची राखण हे त्यांचं काम. रोज सकाळी ते चपला काढून मैदानाला एक फेरी मारत आणि टाच दाबून जमीन बघत. कुठे ओल आहे, कुठे पोकळ आहे, कुठे गवत रुसलंय, हे त्यांना टाचेतून कळे. बायकोचं रुसणं मात्र चार-चार दिवस कळत नसे. चुन्याच्या रेघा मारायला क्लबने एक यंत्र आणलं होतं. गवतोबांनी त्यावर पोतं टाकून ठेवलं आणि दोरी लावून, उकिडवं बसून, हातानेच रेघा मारत राहिले.

मैदान असं देखणं, आणि त्यावर खेळणारा संघ म्हणजे आनंदीआनंद. तो हरायचा. ऊन असलं तरी हरायचा, पाऊस असला तरी हरायचा. त्याचा गोलकीपर होता खुद्द गवतोबांचा जावई, ज्याला अख्खं गाव 'चाळण' म्हणायचं. माणूस म्हणून हिरा, पण चेंडू म्हटला की आरपार. मुलीने तो स्वतः पसंत केला होता, पण तेव्हा तो फॉरवर्ड होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

गवतोबा या मोसमाच्या शेवटी निवृत्त होणार होते आणि त्यांची एकच इच्छा होती. कपाची एक सेमीफायनल आपल्या गवतावर व्हावी. फायनल राजधानीतल्या मोठ्या स्टेडियमवरच होते, तिच्यावर त्यांनी कधी डोळा ठेवला नाही. पण सेमीफायनल पूर्वी लहान गावांतून होत. मग फुटबॉल असोसिएशनला कुणीतरी शहाणपण शिकवलं आणि गेली पंधरा वर्षं त्याही मोठ्या स्टेडियमवर होऊ लागल्या. न्हाव्याच्या दुकानात यावर दर रविवारी वाद व्हायचा.

"तिथे छप्पर आहे, ऐंशी हजार खुर्च्या आहेत," न्हावी म्हणायचा. "सेमीफायनल तिथेच शोभते."

"माडीवर जायला जिना लागतो," गवतोबा म्हणायचे. "जिनाच उचलून माडीवर नेऊन ठेवलास, तर माणूस चढणार कुठून? एकदा त्या गवतावर खेळून झालं की फायनलला नवं काय उरलं?"

"मान सरळ ठेवा," न्हावी म्हणायचा. वस्तरा त्याच्या हातात असल्यामुळे वाद नेहमी तोच जिंकायचा.

आणि यंदा असोसिएशनचं पत्र आलं. एक सेमीफायनल लहान गावात खेळवायचं ठरलं होतं, मैदानांची पाहणी होणार होती. क्लबच्या सेक्रेटरीने ते पत्र गवतोबांच्या हातात कोंबलं आणि तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर निघून गेला. पत्रात एक वाक्य होतं: 'उपांत्य सामन्यासाठी मैदान सपाट, हिरवळीचे व तटस्थ असावे.' सपाट होतं. हिरवळ तर होतीच. तिसऱ्या शब्दापाशी गवतोबा अडखळले. हा शब्द त्यांनी बातम्यांत ऐकला होता, पण तो देशांबद्दल. मैदानाबद्दल कधीच नाही.

त्यांचे मेहुणे निवृत्त भाषाशिक्षक होते. 'मला माहीत नाही' हे वाक्य या माणसाने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पत्र लांब धरलं आणि म्हणाले, "सोपं आहे. गृहस्थ म्हणजे कोण? ज्याला गृह आहे, तो. तसं तटस्थ म्हणजे ज्याला तट आहे ते. तट म्हणजे भिंत. किल्ल्याला असते ना, तशी."

"फुटबॉलला भिंत कशाला?"

"ते असोसिएशनला विचारा. मी अर्थ सांगितला."

"दादाने तीस वर्षं शिकवलंय," बायको आतून म्हणाली. "त्याला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

झालं. क्लबच्या कपडे बदलायच्या जुन्या खोलीच्या विटा पडून होत्या, त्या गवतोबांनी स्वतः वाहिल्या. मैदानाच्या चारी बाजूंनी कंबरेएवढी भिंत उभी राहू लागली. येणारेजाणारे विचारायचे, काय चाललंय? "तटस्थ करतोय," गवतोबा सांगायचे, आणि विचारणारा समजल्यासारखी मान हलवून पुढे जायचा. शब्दाचा अर्थ विचारून स्वतःचं अज्ञान उघडं पाडणारा माणूस त्या गावात नव्हता.

पाहणीला आल्या त्या एक मध्यमवयीन बाई, हातात टेप आणि पाणसळ घेऊन. त्यांनी मैदान मापलं, पाणसळ ठेवून उतार बघितला आणि शेवटी बूट काढून अनवाणी एक फेरी मारली. त्या फेरीत गवतोबांनी त्यांना मनातल्या मनात बहीण मानलं. मग बाई भिंतीपाशी थांबल्या.

"हे काय?"

"तट," गवतोबा म्हणाले. "पत्रात लिहिलंय."

बाईंनी पत्र वाचलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा पत्र वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"काका, तटस्थ म्हणजे कुणाच्याच बाजूचं नसलेलं. जे दोन संघ खेळतील, त्यातल्या कुणाचंही हे घरचं मैदान नको. एवढंच."

गवतोबांचे कान लाल झाले. "मग पाडू का?"

"पाडू नका. बाकी सगळ्या मैदानांवर प्रेक्षक आत घुसतात हीच तक्रार आहे. तुमच्याकडे नाही घुसणार." बाईंनी कागदावर सही केली. "सामना तुमचा. फक्त एक अट. तुमच्या क्लबची क्वार्टरफायनल पुढच्या रविवारी इथेच आहे. तो जिंकला, तर ही सेमीफायनल त्यालाच खेळायची आहे. मग मैदान तटस्थ उरत नाही, सामना दुसरीकडे जाईल."

गवतोबा मोठ्याने हसले. "बाई, आमचा संघ? एका फेरीत समोरच्यांची बस बंद पडली, दुसरीत त्यांचे अर्धे खेळाडू तापाने झोपले, म्हणून इथवर आलाय. रविवारी बंदरवाले येताहेत. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला सात गोल घातले. तुम्ही निर्धास्त राहा."

पण माणूस स्वतः निर्धास्त राहिला नाही. शनिवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई पानातला भात नुसता कालवत बसला होता.

"बाबा, जमेल का हो उद्या?"

"तू जिवाला लावून घेऊ नकोस," गवतोबा म्हणाले. "हरण्यात काही वाईट नसतं. हरलेला माणूस लवकर घरी येतो."

मुलीने बापाकडे असं बघितलं की त्यांना ठसका लागला. बायकोने पाणी दिलं, पण पेला आपटून. "जावई आहे तो, वैरी नाही."

"मी तटस्थ आहे," गवतोबा म्हणाले. अर्थ नवीनच कळला होता, वापरायची हौस होती.

"ते चौतीस वर्षं बघतेय मी," बायको म्हणाली.

रविवारी उजाडताच ते मैदानावर गेले आणि पाण्याचा पाइप ओढत थेट गोलपुढच्या जागेत आले. जावई घाबरला की नेहमी डावीकडे झेपावतो, हे त्यांना ठाऊक होतं. डाव्या खांबापाशी दहा मिनिटं पाणी सोडलं की काम फत्ते. कुणाला कळणारही नव्हतं. जो घसरायचाच तो घसरला, असंच गाव म्हणालं असतं. त्यांनी नळ सोडला. पाइप थरथरला, पाणी तोंडाशी आलं, आणि गवतोबांनी खाली बघितलं. त्या कोपऱ्यातलं गवत त्यांनी हिवाळ्यात तीनदा पेरलं होतं. दोनदा मेलं, तिसऱ्यांदा धरलं. आता कुठे त्याला अंग भरत होतं.

जावयाला बुडवायला त्यांचा हात धजला असता. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. त्या कोवळ्या गवताचा चिखल करायला मात्र धजेना. त्यांनी नळ बंद केला, स्वतःला दोन शिव्या दिल्या, आणि आलोच आहोत तर म्हणून तो कोपरा हलका रोलर फिरवून छान पक्का केला.

सामना सुरू झाला आणि बंदरवाल्यांनी जो भडिमार सुरू केला, त्याला तोड नव्हती. गवतोबा न्हाव्याशेजारी उभे होते. दर वेळी चेंडू जावयाकडे निघाला की ते डोळे मिटत, आता गेला म्हणत, आणि उघडत तेव्हा चेंडू चाळणीच्या हातात असे. असं एकदा नाही, नऊदा झालं. नव्वद मिनिटं गोल नाही, जादा वेळात गोल नाही. पेनल्टी आल्या, त्याही त्याच कोपऱ्याच्या गोलवर. दोघांचे चार-चार झाले, आपल्या पाचव्याने चेंडू आत घातला, आणि बंदरवाल्यांचा पाचवा पुढे आला. गवतोबांनी मनात हात जोडले. आयुष्यात एकदाच मागतोय, आत जाऊ दे.

त्याने मारला. जावई डावीकडे झेपावला, आणि त्याने चेंडू पोटाशी धरला.

पुढचं गवतोबांना आठवत नाही. न्हावी सांगतो ते खरं मानायचं. ते भिंतीवर चढले होते, टोपी फिरवत होते आणि 'माझा जावई, माझा जावई' असं घसा फाटेस्तोवर ओरडत होते. शब्दाचा मेहुण्यांनी लावलेला अर्थ घेतला, तर त्या क्षणी त्यांच्याइतका तटस्थ माणूस मैदानात दुसरा नव्हता.

मग ते खाली उतरले, आणि सेमीफायनल गेली हे त्यांना तेव्हा कळलं. ते तिथेच गवतात बसले आणि रडले, आणि ते आनंदाने रडताहेत अशी सगळ्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली. जावई धावत आला, त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"बाबा, पाय घसरला नाही. एकदासुद्धा नाही. असा कोपरा मला कधी मिळाला नव्हता."

गवतोबांनी त्याच्या गुडघ्यावरची माती झटकली. थोड्या वेळाने पाहणीच्या बाई आल्या. सामना आता दोन तासांवरच्या दुसऱ्या गावी होईल, मला मनापासून वाईट वाटतं, म्हणाल्या.

"तुम्हाला एवढं सांगितलं होतं, काका, तटस्थ राहायला हवं."

"मी राहिलो होतो हो," गवतोबा म्हणाले. "गवत राहिलं नाही."

सेमीफायनलच्या दिवशी संघासकट गाव दुपारच्या बसने निघणार होतं. गवतोबा पहाटेच्याच बसने गेले. दुसऱ्या गावचं मैदान रुंद होतं, गवतही बरं होतं. बरं, त्याहून जास्त त्यांनी कबूल केलं नसतं. चपला काढून ते गोलपुढे गेले आणि टाच दाबत, दाबत डाव्या खांबापर्यंत आले. तिथे टाच रुतली.

तेवढ्यात तिथला राखणदार किल्ल्या वाजवत आला. तोही अनवाणीच होता.

"अहो, सामन्याआधी इथे कुणाला सोडत नाही. कोण तुम्ही? कुणाकडचे?"

गवतोबांनी टाचेची ओली माती बोटाने पुसून बघितली.

"मुलीकडचा," ते म्हणाले, आणि डावीकडे ओल आहे हे जावयाला सांगायला बसस्टँडवर जाऊन उभे राहिले.