फाटकावरचं सोयाबीन

मूर्तिजापूरजवळ धान्य साठवायच्या उंच पत्र्याच्या टाक्या नव्याने उभ्या राहिल्या, आणि मी राजापेठेतून रोज तिथे नोकरीला जाऊ लागले. हंगामाआधी पंधरा दिवस प्रशिक्षण होतं. पुण्याहून आलेले साहेब एकच पाठ घोकून घ्यायचे: काट्यावरच्याने काटा पाहायचा, मशीनवरच्याने मशीन, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. नाक खुपसणं हा माझा जन्माचा रोग, त्यामुळे तो पाठ काही मला झेपला नाही.

माझ्या वाट्याला ओलावा मोजायचं यंत्र आलं. सोयाबीन बारा टक्क्यांपर्यंत ओलं चालतं, त्यावर गेलं की परत. ट्रॉल्या रिकाम्या करायच्या कामावर एक काका होते, जुन्या गोदामात हमाली करत साठीला आलेले. सरावासाठी आणलेले दाणे मी यंत्रात टाकायची. आकडा येईपर्यंत काका एक दाणा दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि सांगून मोकळे होत, "बाराच्या वर हाय. परत करा." यंत्रही तेच म्हणे. पंधरा दिवसांत एकदाही चुकले नाहीत.

"काका, हे जमतं कसं?"

"ध्यान द्या लागते, ताई."

मीही चावून पाहिलं. कच्च्या सोयाबीनची चव दिवसभर तोंडातून गेली नाही, अक्कल मात्र आली नाही.

मी साहेबांच्या मागे भुणभुण लावली, काकांना तपासणीला घ्या. ते वैतागून म्हणाले, "पहिला दिवस बघू. चुकले तर फाटकावर राखणीला."

पहिल्या दिवशी एलेवेटर सुरू झाला. धान्य डब्याडब्यांतून टाकीच्या माथ्यावर चढवणारं ते यंत्र इतकं खडखडायचं, की आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलत होतो. चार ट्रॉल्या आल्या. काका तीनदा चुकले. एकाऐवजी तीन-तीन, चार-चार दाणे चावत होते, कपाळावर घाम. साहेबांनी नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं.

"दात गेले आता, ताई," काका माझ्या कानाशी ओरडून म्हणाले आणि निघाले.

मला माझाच संताप आला. मी मध्ये पडले नसते, तर त्या माणसाची अशी चारचौघांत शोभा झाली नसती. पुढचे दोन दिवस तोंडाला स्कार्फ बांधून, खाली मान घालून मी फाटकातून आत शिरत होते.

चौथ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला तणतणत आला. "तुमचा फाटकवाला बाबा म्हनते, खालचा माल ओला हाय. त्याले काय समजते? मोजा तुमी."

वरचे दाणे मोजले, साडेअकरा. मग नमुना काढायची लांब नळी थेट तळाशी खुपसली. चौदा.

मी यंत्र तसंच टाकून फाटकाकडे पळाले. तिथे पुढचा ट्रॅक्टर उभा होता, इंजिन बंद. ट्रॉलीच्या मागच्या फळीखालून, तळातून गळालेला एक दाणा काकांनी दाढेखाली धरला होता. मी बोलायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

कट्ट.

एलेवेटरची खडखड इथवर नीट पोचत नव्हती. तो बारीकसा आवाज मलाही ऐकू आला.

"वाळला दाना बोलते, ओला नुसता दबते," काका म्हणाले. "जुन्या गोदामात मशीनच नव्हती. मी कानानं पायतो, हे मलेच नव्हतं मालूम. मले वाटे, दातानंच समजते." जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी मले वाटलं, मी म्हातारा झालो."

माझे डोळे भरून आले. काहीतरी करायचं म्हणून मीही एक दाणा उचलून तोंडात टाकला. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याने चावीला हात घातला.

"बंद ठेव नं बे," काका त्याच्यावर डाफरले. "ताईले आयकू दे."